आईला बसेल असं जॅकेट

"भिजायचं नाही, गारठ्यात बसायचं नाही, आणि घाम आला असताना अंगावर वारं घ्यायचं नाही," डॉक्टर म्हणाले. आईने शहाण्या मुलीसारखी मान डोलावली. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मात्र तिने माझा दंड धरून विचारलं, "मग येत्या गुरुवारी अळणावरला जायला हरकत नाही न्हवं?"

आई सत्तरीच्या पुढची आहे. हिवाळ्यात तिला न्यूमोनिया झाला होता आणि बरेच दिवस ती इस्पितळात होती. जन्मभर तिने आयाचं काम केलं. रोग्यांना उठवायचं, बसवायचं, अंघोळ घालायची. त्यामुळे स्वतः खाटेवर पडून राहणं तिला फार लागलं. बरी होताच तिने पहिलं नाव घेतलं ते अळणावरचं. तिथे तिची थोरली बहीण असते, माझी मावशी. आई तिला अक्का म्हणते. कमरेचं हाड मोडल्यापासून मावशी अंथरुणाला खिळून आहे. तिचा मुलगा लाकडाच्या वखारीत कामाला जातो, सून लोकांच्या शेतात. दिवसा घरात कोणी नसतं. म्हणून दर गुरुवारी आई आमच्या हुबळीजवळच्या नवनगरच्या घरातून निघते, मावशीला अंघोळ घालते, तिची वेणी घालते, दोघी जेवतात, थोडं भांडतात, आणि संध्याकाळी आई परत येते.

हे बंद कर असं सांगायची माझी छाती नव्हती. मी हुबळीत एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. गुरुवारी मला तिच्याबरोबर जाता येत नाही. घरात आम्ही दोघीच. तेव्हा माझ्या हातात एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे आईच्या अंगावर एक चांगलं जॅकेट चढवायचं.

मला वाटलं होतं, एका रविवारचं काम आहे.

आमच्याकडची हवा बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. कडाक्याची थंडी नाही, भाजून काढणारं ऊन नाही. सगळे म्हणतात, काय सुखाची हवा आहे! पण त्या सुखाच्या हवेतून प्रवास करून बघा. सकाळी नवनगरला कोवळं ऊन असतं. एसी बसमध्ये चढलं की दातावर दात वाजतात. धारवाडला उतरावं तर तिथे भुरभुर लागलेली. मग अळणावरची लाल बस. तिच्या खिडकीची काच अर्ध्यात अडकलेली, आणि वारं नेमकं मानेवर. पुढे झाडी सुरू झाली की पाऊस येतो किंवा येत नाही, ते त्याच्या मर्जीवर. आणि दुपारी तिथेच असं उकडतं की ब्लाउज पाठीला चिकटतो. आईच्या एका हातात डब्याची पिशवी, दुसरा हात बसची दांडी धरायला लागतो, म्हणजे छत्री बाद. शाल भिजली की ओल्या गोधडीसारखी जड होते. प्लास्टिकच्या रेनकोटात आतून घाम येऊन माणूस पावसाशिवायच भिजतं. म्हणजे हवं होतं असं काहीतरी, जे हलकं असेल, वारं अडवेल, पाणी आत घेणार नाही, उकडणार नाही, आणि साडीवर बसेल.

ही शेवटची अट ऐकली की दुकानदारांचे चेहरे बदलायचे.

हुबळीतल्या लॅमिंग्टन रोडवरच्या एका मोठ्या दुकानात मी आईला घेऊन गेले. बायकांच्या विभागातली सगळी जॅकेटं जीन्स घालणाऱ्या सडपातळ मुलींसाठी बेतलेली होती. कमरेत आवळलेली, आखूड, बाही इतकी अरुंद की ब्लाउजची बाही आत गोळा व्हायची. खिसे होते, पण नुसते शिवलेले, दाखवायला. "आत हात जात नाही हो," मी म्हणाले, तर विक्रेता म्हणाला, "लेडीज पीसला असंच येतं मॅडम." पुरुषांच्या विभागात तीच कंपनी, तेच कापड, आणि खिसे असे की त्यात नारळ मावेल. मी पुरुषांचं मागितलं. खांदे आईच्या कोपराला आले.

"हाकि नोडि अम्मा, घालून तर बघा," म्हणत विक्रेत्याने शेवटी एक निळं विंडचीटर पुढे केलं. बायकांचंच, पण मोठ्या मापाचं. आईने ते पदरावरून घातलं, मी चेन लावून दिली. तिने आरशात बघितलं.

"मी काय कंडक्टर आहे व्हय?" ती म्हणाली.

"बस झालं आई. छान दिसतंय."

"साडीवर असलं काही घालायचं म्हणजे कंडक्टरबाईच. फक्त शिट्टी द्या गळ्यात."

विक्रेता हसला, मी हसले, आईही हसली. घेऊन टाकलं. तो पहिला गुरुवार मी ग्रंथालयात निर्धास्त बसून काढला. संध्याकाळी घरी आले तर आई स्वयंपाकघरात, अंगावर कोरडी साडी, डोकं पुसलेलं पण ओलं, आणि दोरीवर सकाळची साडी निथळत असलेली. विंडचीटर पिशवीत होतं. घडी घातलेलं. कोरडं.

"घातलं नाहीस?"

"घालणार होतो. तेवढ्यात पाऊस थांबला."

आमच्याकडच्या पुष्कळ बायकांसारखी आई स्वतःबद्दल 'मी जातो, मी येतो' असंच बोलते. मला त्या वेळी तिचा तो सहज सूरसुद्धा टोचला. पाऊस थांबला, मग साडी कशाने भिजली?

पुढच्या गुरुवारी ती कोरडी आली, कारण पाऊसच नव्हता. त्याच्या पुढच्या गुरुवारी परत तेच. म्हणाली, "त्यात उकडतं गं." मी आतून जाळीचं अस्तर असलेलं दुसरं आणलं, हवा खेळावी म्हणून. ते म्हणे फार सळसळतं. बसमधले लोक वळून बघतात. फोनवरून एक मागवलं. चित्रात ते गुडघ्यापर्यंत दिसत होतं, खोक्यातून निघालं ते कमरेपर्यंतचं. परत पाठवायला माणूस येईपर्यंत ते खुर्चीवर पडून राहिलं. मैत्रिणीने सांगितलेलं एक पातळ जॅकेट, जे दुमडून मुठीएवढं होतं, ते आईला आवडलं. आवडलं म्हणजे तिने ते मुठीएवढंच ठेवलं. उलगडलंच नाही.

प्रत्येक जॅकेटची तक्रार वेगळी होती आणि निकाल एकच: आई भिजून यायची. रात्री खोकायची. मी पलीकडच्या खोलीत तो खोकला ऐकत पडायची आणि मला तिची काळजी वाटण्याऐवजी संताप यायचा. इतका की एकदा भाकरी थापता थापता मी परातीवर हात आपटला.

"तुला इस्पितळातच जायचंय का परत? सरळ सांग. म्हणजे मी दुकानं पालथी घालायची थांबते."

"मी कुठं सांगितलं होतं पालथी घाल म्हणून?"

"मग घालत का नाहीस?"

"बेड," ती म्हणाली, म्हणजे नको. आईला भांडण मिटवायचं असलं की ती कन्नडात जाते. "बेड मला ते. साकु." पुरे. आणि उठून तिने माझी करपलेली भाकरी तव्यावरून काढली.

शेवटी मी एका गुरुवारची रजा टाकली. तिला म्हणाले, मावशीला बघून खूप दिवस झाले. खरं तर मला पाळतच ठेवायची होती. सकाळी निघताना मी मुद्दाम जॅकेटबद्दल चकार शब्द काढला नाही. निळं विंडचीटर तिने स्वतःहून पिशवीत भरलं. एसी बसमध्ये ती गारठली, पदर दोन्ही खांद्यांवरून लपेटून बसली. पिशवी मांडीवर, जॅकेट पिशवीत. धारवाडला भुरभुर होती. एका बसमधून उतरून दुसऱ्या बसपर्यंत ती पदर डोक्यावर घेऊन गेली. मी ओठ दाबून मागे.

अळणावरला उतरून मावशीच्या घराच्या रस्त्याला लागलो आणि पावसाने गाठलं. आम्ही एका बंद दुकानाच्या पत्र्याखाली उभ्या राहिलो. आईने पिशवीतून जॅकेट काढलं. मला वाटलं, चला, आज मी आहे म्हणून तरी घालेल. तिने ते उलगडलं आणि बाह्यांमध्ये हात न घालता तसंच डोक्यावरून पाठीवर टाकलं. शेतातल्या बायका पोत्याची खोळ करून घेतात, तसं.

"आई, ते नीट घाल."

"असंच बरं पडतंय."

"नीट घाल म्हणते ना! बाह्या कशाला दिल्यात मग त्याला?"

मी इतक्या जोरात बोलले की रस्त्यावरून जाणाऱ्या सायकलवाल्याने मान वळवली. आईने माझ्याकडे बघितलं. मग डबा खाली ठेवला, बाह्या घातल्या आणि चेनची खालची दोन टोकं हातात घेतली. एका टोकाची ती बारीक दांडी दुसऱ्या टोकाच्या खाचेत बसवायची असते, मग वर ओढायची. आपण ते न बघता करतो. आईने डोळ्यांजवळ नेलं. दांडी खाचेजवळ नेली, ती घसरली. पुन्हा नेली. तिचा अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांना नीट टेकतच नव्हती. सांधे सुजून गाठी झालेल्या. पुन्हा घसरली. पाऊस पत्र्यावर ताडताड वाजत होता आणि ती मान खाली घालून करत राहिली, आणि मी ते बघत उभी.

"दे, मी लावते," मी शेवटी म्हणाले.

"आज तू लावशील," आई म्हणाली. "काढणार कोण?"

मग तिने सांगितलं. अगदी पहिल्याच गुरुवारी तिने ते जॅकेट घातलं होतं. धारवाडच्या स्टँडवर एका कॉलेजच्या मुलीला म्हणाली, बाळ, एवढी चेन लावून दे. मुलीने हसत गळ्यापर्यंत लावून दिली. आई मस्त कोरडी मावशीकडे पोचली. तिथे ऊन पडलेलं. जॅकेट काढायला गेली तर पदराची किनार चेनीत अडकलेली. ओढायची पट्टी नखाएवढी, बोटात धरवेना. तशीच चूल पेटवली, पाणी तापवलं. अंगाची काहिली व्हायला लागली. मावशी म्हणाली, इकडं ये, मी बघतो. आई खाटेवर वाकली, मावशी पडल्या पडल्या खटपट करू लागली. पण मावशीची बोटं आईच्याहून वाईट.

"आधी हसलो आम्ही दोघी," आई म्हणाली. "अक्का म्हणाली, दातानं ओढतो. दात तरी कुठं आहेत तिला. मग हसू थांबलं. जीव घाबराघुबरा झाला गं माझा. आत श्वास कोंडल्यासारखं वाटायला लागलं. इस्पितळात ते नाकावर लावलं होतं ना, तसं."

"मग?"

"मग काय. शेजारचे आले. पक्कड घेऊन."

शेजारचे म्हणजे मावशीच्या भिंतीला भिंत लागून राहणारे एक गृहस्थ. चांगले आहेत, मावशीला पाणी वगैरे आणून देतात. ते आईसमोर उभे राहिले आणि एका हाताने गळ्यापाशी कापड धरून दुसऱ्या हातातल्या पकडीने चेन खाली ओढत गेले. पदर फाटला. आई भिंतीकडे मान वळवून उभी होती, असं म्हणाली. जन्मभर तिने परक्या माणसांचे कपडे काढले, घातले, बटणं लावली. आपल्याला कोणी असं सोडवलेलं तिला सोसलं नाही.

"त्यांचं काय चुकलं नाही," ती म्हणाली. "पण परत नको."

"मला सांगायचं नाही?"

"काय सांगायचं? चेन लावता येत नाही म्हणून सांगू?"

"आणि ब्लाउजची हुकं कशी लावतेस मग?"

"घरात लागतो तेवढा वेळ लावतो. कोण बघतंय? बसमध्ये लोक बघतात." मग म्हणाली, "गरम पाण्यात हात घातला की बोटं सुटतात. अक्काची वेणी त्यामुळं जमते मला."

पाऊस ओसरेपर्यंत आम्ही तिथेच उभ्या राहिलो. मला रडूही येत होतं आणि रागही. राग आता आईवर नव्हता, कोणावर होता ते मात्र कळेना. त्या नखाएवढ्या पट्टीवर होता बहुतेक.

पुढच्या रविवारपासून मी पुन्हा दुकानं धरली आणि आता माझी मागणी आणखी हास्यास्पद झाली होती. चेन नसलेलं जॅकेट द्या. लॅमिंग्टन रोडच्या त्या विक्रेत्याने मला ओळखलं. "मॅडम, चेन नसली तर ते जॅकेट कसलं?" म्हणाला. बटणांचं होतं एक. लोकरीचं, काश्मीरला जाणाऱ्यांसाठी. टिचबटणांचं होतं एक; ते दाबायला माझाच अंगठा दुखला. लहान मुलांच्या विभागात चिकटपट्टीची होती, वर ससे काढलेले. पावसाळी कपड्यांच्या, प्रवासाच्या सामानाच्या, मोटारसायकलवाल्यांच्या दुकानांत फिरले. दऱ्याखोऱ्यांत चढणाऱ्यांसाठी, बर्फात झोपणाऱ्यांसाठी सगळं काही होतं. दर आठवड्याला धारवाडहून अळणावरला जाणाऱ्या, साडी नेसणाऱ्या, बोटं न वळणाऱ्या बाईसाठी काहीही नव्हतं. आणि अशी बाई जगात एकटी माझी आईच आहे असं थोडंच आहे? कुठल्याही बसमध्ये बघा. पुढच्या सीटांवर त्याच तर बसलेल्या असतात, पदर लपेटून.

नवनगरमधला आमचा शिंपी ब्लाउज शिवतो. त्याच्याकडे एक नवीन, सैल, वांगी रंगाचं विंडचीटर घेऊन गेले, त्याला म्हटलं चेन काढून चिकटपट्टी लावून द्या. तो नकोच म्हणत होता. या कापडाला सुईचं भोक पडलं की पाणी आत येतं म्हणाला. हट्टाने लावून घेतली. घरी आईने घातलं, आणि काढताना चिकटपट्टीत पदराचे धागे ओढले गेले. तिची बरी साडी. शिवाय उघडताना जो चर्रकन आवाज झाला त्याने ती स्वतःच दचकली. "आख्खी बस उठून बसेल," म्हणाली.

परत शिंप्याकडे. तो वैतागला, मी त्याच्याहून वैतागलेली. चिकटपट्टी उसवली तशी कापडावर भोकांची रांगच दिसायला लागली. त्यावर त्याने आतून एक पट्टी लावली. मग आईनेच आपल्या ट्रंकेतून जुन्या कोटाची मोठी तपकिरी बटणं काढून आणली, चांगली रुपयाहून मोठी. काजं न करता त्याने समोर इलॅस्टिकचे सैल फास लावले. फास ओढायचा, बटणावर अडकवायचा. मूठ वळली नाही तरी, नुसत्या तळव्यानेही जमतं. वांगी रंगावर तपकिरी बटणं, मध्येमध्ये फट. सुंदर अजिबात दिसत नव्हतं. आईने शिंप्याच्या दुकानातच ते लावलं, काढलं, लावलं, काढलं. मग लावून तशीच घरी चालत आली. वाटेत ऊन होतं.

त्या गुरुवारी मी कॉलेजातून लवकर निघाले. घरी पोचले तर दोरीवर साडी निथळत होती.

मी दारातच बसले. "आता काय झालं, आई? आता काय वाईट होतं त्यात?"

"काही नाही. झकास आहे." ती टॉवेलने केस पुसत होती. "बटणांतनं थोडं पाणी येतं, पण चालतंय."

"मग कुठंय ते?"

"अक्काकडं राहिलं."

"विसरलीस?"

"विसरतो कशाला. तिनं घालून बघितलं. अंघोळीनंतर तिला थंडी भरते. मी आपलं खांद्यावर टाकलं, तर तिनं हात घातले आणि स्वतःचे स्वतः फास लावले गं. सगळे. मग काढेना. मी म्हटलं, अक्का, मला परत जायचंय, पाऊस आहे. म्हणाली, जा की, तुला पाय आहेत." आई हसायला लागली आणि हसता हसता तिला खोकला आला. मी पाणी दिलं. घोट घेऊन ती म्हणाली, "माणसं बघायला येतील तेव्हा नुसत्या ब्लाउजवर घालायला बरं आहे म्हणते. साडी गुंडाळून द्यायला सुनेची वाट बघायला नको. आता तिच्या अंगावरनं कसं काढून आणू?"

मी उठले. आल्याचा चहा ठेवला. कपात ओतेपर्यंत आईने मुद्द्याला हात घातला.

"त्यातलंच आणखी एक मिळेल काय?"

शनिवारी मी दुकानात गेले. त्या जातीचा माल संपला होता. आता नवीन आलेली सगळी आवळलेली, आखूड, आणि चेन तिरकी, कोणाच्या डोक्यातून निघालं होतं कोण जाणे. विक्रेत्याने गोदामात फोन करून विचारलं. हिरवं एक आहे म्हणाला, आईच्या मापाहून दोन आकडे मोठं. मी म्हटलं, आणा. ते घेऊन शिंप्याकडे गेले तर त्याने मला लांबूनच बघितलं आणि मशीन चालवायचा थांबला.

"बटणं?" त्याने विचारलं.

बटणं संपली होती. आईच्या ट्रंकेत तेवढीच होती. हुबळीच्या बाजारात तेवढी मोठी बटणं शोधायला माझी एक दुपार गेली, आणि मिळाली ती पांढरी. शिंपी दर वेळी म्हणतो, पुढच्या आठवड्यात देतो. तोपर्यंत आई माझा स्वतःचा रेनकोट नेते. तो डोक्यातून घालायचा आहे, त्यात तिला घाम येतो, आणि घाम आलेल्या अंगावर वारं घ्यायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय, हे मी तिला दर गुरुवारी दारात उभी राहून सांगते. ती मान डोलावते.